एक शिलिंग, एक पेनी : सेंघेनिधची खाण आणि जबाबदारीचा हिशेब

१.
१४ ऑक्टोबर १९१३. दक्षिण वेल्समधील सेंघेनिध या गावच्या कोळसा खाणीत सकाळी आठ वाजून गेल्यावर स्फोट झाला. ४३९ खाणकामगार मरण पावले. बचावकार्यात आणखी एकाचा जीव गेला. ब्रिटनच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण खाण-दुर्घटना. पुढच्या वर्षी न्यायालयाने खाणीच्या व्यवस्थापकाला दोषी ठरवून दंड केला : एकूण २४ पौंड.
हा आकडा कसा निघाला आणि तो भरण्याची वेळ कोणावर आली नाही, याविषयी आजचा थ्रेड. विषय मोठा आहे; सवडीने वाचावा.

२.
आधी काळ समजून घेऊ. १९१३ हे ब्रिटिश कोळशाचे शिखरवर्ष होते. त्या एका वर्षात सुमारे २८ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला. अकरा लाखांहून अधिक माणसे या धंद्यात राबत होती. दक्षिण वेल्सच्या ‘स्टीम कोल’वर ब्रिटिश आरमाराची जहाजे चालत. कार्डिफ आणि बॅरी या बंदरांतून तो जगभर जाई. आपल्याकडेही आगबोटी, रेल्वे आणि कापडगिरण्या यांच्यासाठी ब्रिटिश कोळसा मुंबई बंदरात उतरत असे. साम्राज्य ज्या वाफेवर चालत होते, ती वाफ अशा खोऱ्यांतून येत होती.

३.
सेंघेनिध हे त्यांपैकीच एक खोरे. तेथे ‘युनिव्हर्सल’ खाणीचे खोदकाम १८९१ मध्ये सुरू झाले आणि शेतीच्या परिसरात पाहता पाहता खाणगाव उभे राहिले. जमिनीत सरळ खाली जाणारे दोन शाफ्ट होते, लँकेस्टर आणि यॉर्क. खोली सुमारे ६०० मीटर. खालच्या विभागांना बोअर युद्धातील ठिकाणांची नावे दिलेली होती : मॅफेकिंग, लेडीस्मिथ, किंबर्ले, प्रिटोरिया. विजयांच्या नावाच्या त्या बोगद्यांत अंधार होता, उष्णता होती आणि कोरडी धूळ होती. धुळीकडे लक्ष असू द्या. आपल्या कथेचे सूत्र तीच आहे.

४.
कोळसा खाणीतला पहिला शत्रू मिथेन वायू. खाणकामगार त्याला ‘फायरडँप’ म्हणत. कोळशाच्या थरांत तो कोंडलेला असतो. छत कोसळले किंवा नवा थर उघडला की बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असताना एखादी ठिणगीही पुरते. म्हणून सुरक्षा-दिवे, म्हणून पंखे, म्हणून कामावर येण्यापूर्वी हवेची तपासणी. मिथेनचा स्फोट भयंकर असतो. पण तो सहसा एका जागेपुरता राहतो. शेकडो माणसे मारण्यासाठी त्याला सोबती लागतो.

५.
तो सोबती म्हणजे कोळशाची बारीक धूळ. कोळसा फोडताना आणि वाहून नेताना ती उडते व छतावर, भिंतींवर, लाकडी आधारांवर साचत राहते. मिथेनचा पहिला धक्का ही धूळ हवेत उधळतो आणि पाठोपाठ येणारी ज्वाला ती पेटवते. त्या स्फोटाने पुढची धूळ उडते, ती पेटते, मग त्यापुढची. अशी आग मैलभर बोगद्यांतून धावू शकते. तिच्या मागे उरतो कार्बन मोनॉक्साइड. ज्यांना ज्वाला स्पर्शही करीत नाही, त्यांचा जीव हा वायू घेतो.

६.
हे तेव्हाच्या लोकांना ठाऊक नव्हते, असे वाटू शकेल. ते ठाऊक होते. १८४४ मध्ये इंग्लंडमधील हॅसवेल खाणीत ९५ जण मेले, तेव्हा सरकारने दोन शास्त्रज्ञांना चौकशीसाठी पाठवले : मायकेल फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल. स्फोट पसरण्यात कोळशाच्या धुळीचा हात असतो, हे त्यांनी आपल्या अहवालात नोंदवले. सेंघेनिधच्या स्फोटापूर्वी एकोणसत्तर वर्षे ही नोंद कागदावर होती.

७.
पुढे १८७०च्या दशकात विल्यम गॅलोवे या खाण-तज्ज्ञाने दक्षिण वेल्समध्येच प्रयोग करून धुळीचा सिद्धांत रॉयल सोसायटीपुढे मांडला. धंद्यातील अनेकांना तो रुचला नाही. धूळ धोकादायक मानली, तर ती रोज काढावी लागणार, पाणी शिंपडावे लागणार, त्यासाठी माणसे ठेवावी लागणार; आणि या माणसांच्या हातून एक टनही कोळसा निघणार नाही. मग १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधील कूरिएर येथे धुळीचा स्फोट होऊन १,०९९ माणसे मेली. त्यानंतर सिद्धांतावर वाद घालणे अवघड झाले. आचरणाचे मात्र तसे झाले नाही.

८.
सेंघेनिधला तर स्वतःचा वेगळा इशारा मिळाला होता. २४ मे १९०१ रोजी याच खाणीत स्फोट झाला. पाळ्या बदलण्याची वेळ असल्याने खाली फक्त ८२ माणसे होती. त्यांपैकी ८१ मेली. खाण उष्ण, कोरडी व धुळीने भरलेली आहे आणि पाणी पुरेसे शिंपडले जात नाही, असा ठपका सरकारी चौकशीने ठेवला. १९१० च्या ऑक्टोबरात छत कोसळून एवढा वायू बाहेर पडला, की खाण रिकामी करावी लागली. एकाच जागेने बारा वर्षांत दोनदा सांगून पाहिले.

९.
१९१० हे वर्ष ब्रिटिश खाणींसाठी एकूणच भीषण होते. मे महिन्यात व्हाइटहेवन येथे १३६ आणि डिसेंबरात लँकेशरमधील हुल्टन येथे ३४४ बळी गेले. जनमत खवळले आणि १९११ चा कोळसा खाण अधिनियम संमत झाला. छत-भिंतींवरील धूळ काढणे, हवेच्या मोजणीच्या नोंदी ठेवणे, सुरक्षा-दिव्यांची काळजी घेणे, अशा कितीतरी गोष्टी त्याने बंधनकारक केल्या. त्यांत एक कलम पंख्यांविषयी होते.

१०.
खाणीतील हवा एका शाफ्टमधून आत येते आणि पंख्याच्या जोरावर दुसऱ्यातून बाहेर खेचली जाते. आता समजा, हवा जिथून आत येते त्याच वाटेवर आग लागली. मग पंखा काय करील? धूर आणि विषारी वायू थेट काम करणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचवील. म्हणून कायद्याने सांगितले, की प्रवाह उलटा फिरवता येईल अशी सोय प्रत्येक खाणीत असलीच पाहिजे. प्रवाह उलटवणे हे प्रत्येक वेळी शहाणपणाचे नसते. वायू आगीवर ओढला जाण्याचा धोकाही असतो. परंतु संकटात तो निर्णय घेण्याची शक्यता तरी हाती असावी, एवढाच कायद्याचा आग्रह होता.

११.
या सोयीसाठी मुदत होती १ जानेवारी १९१३. युनिव्हर्सल खाणीत काम झाले नव्हते. मुदत वाढवून मिळाली : ३० सप्टेंबर १९१३. तीही तारीख आली आणि गेली. पंखे होते तसेच होते. कोळसा वर येत राहिला. ते वर्ष विक्रमी मागणीचे होते, हे आपण पाहिलेच आहे.
स्फोट झाला १४ ऑक्टोबरला. वाढीव मुदत उलटून बरोबर चौदा दिवस झाले होते.

१२.
त्या मंगळवारी पहाटे साधारण साडेनऊशे माणसे पिंजऱ्यांतून खाली उतरली. आठ वाजून गेल्यावर लँकेस्टर शाफ्टच्या बाजूने स्फोटाचा धक्का थेट वर आला. शाफ्टच्या तोंडावरील लोखंडी सांगाडा मोडला आणि वर काम करणारा एक माणूसही त्यात गेला. आवाज खोरेभर ऐकू गेला. घराघरांतून स्त्रिया खाणीच्या दिशेने धावल्या. ज्यांना १९०१ आठवत होते, त्यांना काय झाले हे विचारण्याची गरज नव्हती.

१३.
व्यवस्थापक एडवर्ड शॉ स्वतः यॉर्क शाफ्टमधून खाली उतरला. हे नोंदवायला हवे, कारण पुढे आरोपी म्हणून तोच उभा राहणार आहे. पूर्वेकडील भागातील माणसे सुखरूप असल्याचे त्याला आढळले. त्यांना वर काढले गेले. पश्चिमेकडे आग होती. प्राणवायूची उपकरणे खाणीवर नव्हती. ती दुसऱ्या खोऱ्यांतील बचाव-केंद्रांतून आणावी लागणार होती. त्यांना निरोप गेला तोवर दहा वाजत आले होते. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत दीड तास हा फार मोठा काळ आहे.

१४.
आग विझवण्यासाठी पुरेसे पाणीही हाताशी नव्हते. धूर आत खेचला जात होता आणि प्रवाह उलटवण्याची सोय नव्हती. तरीही बचाव-पथके जळत्या बोगद्यांतून पुढे सरकत राहिली. मध्यरात्र उलटल्यावर अठरा माणसे जिवंत सापडली आणि वर गर्दीत आशा पसरली. पश्चिमेकडून जिवंत माणसांचा तो शेवटचा गट ठरला. नंतरचे दिवस केवळ प्रेते वर काढण्याचे होते. ती संपायला कित्येक आठवडे लागले. काही माणसांची ओळख कपड्यांवरूनच पटवावी लागली.

१५.
मृतांमध्ये साठ जण वीस वर्षांखालचे होते. त्यांतले आठ तर अवघे चौदा वर्षांचे. दोनशेहून अधिक स्त्रिया विधवा झाल्या. ५४२ मुलांचे वडील गेले. एका प्रार्थनामंदिराच्या पुरुष सभासदांपैकी साठ टक्के दगावले. सगळे गाव एकाच मालकाकडे कामाला असते, तेव्हा एका स्फोटात वडील, मुलगा, भाऊ, शेजारी आणि घरातला भाडेकरू असे सारेच जातात. कोणी कोणाचे सांत्वन करायचे, हाही प्रश्न उरत नाही.

१६.
दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबरला, लंडनमध्ये राजघराण्यातील विवाह होता. नंतर वधूला आलेल्या भेटवस्तूंचे प्रदर्शन भरवण्यात आले. तिकिटांतून जमलेले १,२०० पौंड दुर्घटना-निधीला देण्यात आले. देशभरातून देणग्या आल्या. ही सहानुभूती खोटी नव्हती. पण एक भेद इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपावा : निधी म्हणजे दया. तो देणाऱ्यावर कोणतीही चूक कबूल करण्याचे बंधन नसते. जबाबदारीचा प्रश्न दयेच्या खिडकीवर सुटत नाही. त्याची सुनावणी अन्यत्र होते.

१७.
आणखी एक गोष्ट विचार करायला लावते. नोव्हेंबर संपता संपता खाण पुन्हा सुरू झाली आणि माणसे पुन्हा खाली उतरली. ‘धोका ठाऊक असून ते गेलेच का?’ हा प्रश्न आज सहज विचारला जातो. खोऱ्यात दुसरे काम नव्हते. मजुरी त्या खाणीची, घर त्या खाणीमुळे, दुकानातली उधारी त्या खाणीच्या भरवशावर. ‘कामगाराने जोखीम स्वीकारली होती’ असे म्हणायला समोर निवड असावी लागते. सेंघेनिधमध्ये ती नव्हती.

१८.
चौकशी कार्डिफ येथे जानेवारी १९१४ मध्ये सुरू झाली. प्रमुख होते खाणींचे मुख्य निरीक्षक रिचर्ड रेडमेन. त्यांच्या एका बाजूला खाणमालकांच्या संघटनेचे इव्हान विल्यम्स, दुसऱ्या बाजूला खाणकामगार महासंघाचे अध्यक्ष रॉबर्ट स्मायली. स्फोटाचे नेमके कारण निर्विवाद ठरवता आले नाही. छत कोसळून मिथेन सुटला आणि निरोपाच्या विजेच्या घंटेची ठिणगी त्याला लागली असावी, ही शक्यता प्रबळ मानली गेली. धूळ मात्र निर्विवाद होती. छत आणि भिंतींवरील धूळ कायद्याप्रमाणे काढली जात नव्हती.

१९.
मग खटला. व्यवस्थापकावर सतरा आरोप, कंपनीवर चार. आरोपांचे स्वरूप पाहा : हवेच्या नोंदी नीट न ठेवणे, दिव्याच्या कुलपाचा मोडलेला भाग न बदलणे, प्रवाह उलटवण्याची सोय न करणे. प्रत्येक आरोप एका कलमाच्या भंगाचा. ४३९ माणसे मेली, हा आरोप कोणत्याच कलमात बसत नव्हता. शॉ काही आरोपांत दोषी ठरला; दंड २४ पौंड. कंपनी प्रथम निर्दोष सुटली. सरकारने पुढे दाद मागितल्यावर पंख्याच्या कलमाखाली तिला दंड झाला : १० पौंड, शिवाय खर्चाचे ५ पौंड ५ शिलिंग.

२०.
त्या काळी एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स होत. म्हणजे २४ पौंड झाले ५,७६० पेन्स. त्याला ४३९ ने भागा. उत्तर येते तेरा पेन्स आणि थोडे वर. एक शिलिंग, एक पेनी. एका स्थानिक वृत्तपत्राने हाच भागाकार करून मथळ्यात छापला होता. कंपनीचे १० पौंड मिळवले तरी माणशी दीड शिलिंगाच्या आसपासच रक्कम होते. पंखे वेळेवर बदलण्याचा खर्च यापेक्षा किती तरी अधिक होता, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

२१.
आता शीर्षस्थानी कोण होते, ते पाहू. खाण लुईस मर्थर कन्सॉलिडेटेड कोलियरीज या कंपनीकडे होती. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाई, ते सर विल्यम टॉमस लुईस हे दक्षिण वेल्समधील सर्वांत बलाढ्य कोळसा-उद्योजकांपैकी एक. १९११ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली. पदवीचे शब्द असे : ‘सेंघेनिधचे बॅरन मर्थर’. खोऱ्याचे नाव त्यांच्या पदवीत होते. दोन वर्षांनी त्या खोऱ्यात ४३९ माणसे मेली, तेव्हा आरोपपत्रात त्यांचे नाव नव्हते. ऑगस्ट १९१४ मध्ये त्यांचे निधन झाले; तोवर महायुद्ध सुरू झाले होते आणि वर्तमानपत्रांना मृतांच्या नव्या याद्या मिळू लागल्या होत्या.

२२.
शॉ निर्दोष होता असे माझे म्हणणे नाही. धूळ त्याच्या डोळ्यांपुढे होती, नोंदवह्या त्याच्या कार्यालयात होत्या. पण पंखे बदलायला पैसा लागतो, धूळ काढायला माणसे लागतात, काम थांबवायला अधिकार लागतो. पैसा, माणसे आणि अधिकार यांचा निर्णय शेवटी भागधारकांच्या आणि संचालकांच्या दालनात होतो. कायद्याने खाणीत एक माणूस नेमायला लावला आणि सगळ्या जबाबदाऱ्या त्याच्या नावावर लिहिल्या. नफा वर चढत गेला, दोष खाली उतरत गेला. मालकांना कायदा चुकवावा लागला नाही; तो अशा रीतीने लिहिलेलाच होता.

२३.
म्हणजे काहीच बदलले नाही का? बदलले. चुनखडीची बारीक पूड कोळशाच्या धुळीत मिसळली, की ती पेटत नाही. विल्यम गार्फर्थ यांनी यॉर्कशरमध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिले होते. १९२० मध्ये ब्रिटनने अशी दगडी पूड टाकणे बंधनकारक केले. उपाय स्वस्त, साधा आणि परिणामकारक. खाण-सुरक्षेच्या इतिहासातील हे खरे यश आहे. आता प्रश्न एवढाच : कायदा आहे, उपाय आहे, तरीही एखाद्या कंपनीने पूड टाकलीच नाही तर?

२४.
त्याचे उत्तर पाहायला ९७ वर्षे पुढे आणि अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. ५ एप्रिल २०१०, अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्य, मॅसी एनर्जी कंपनीची अपर बिग ब्रँच खाण. कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दाते झिजलेले, पाण्याचे फवारे बिघडलेले. ठिणगी पडली, मिथेन पेटला. दगडी पूड पुरेशी नव्हती, म्हणून धूळ पेटली. २९ मृत्यू. चौकशीत कळले, की धोक्यांच्या दोन नोंदी ठेवल्या जात : एक कंपनीसाठी खरी, दुसरी निरीक्षकांना दाखवायची. निरीक्षक फाटकाशी आला, की खाली सांकेतिक निरोप जाई.

२५.
येथे एक फरक घडला. कंपनीचा प्रमुख डॉन ब्लँकनशिप स्वतः न्यायालयात उभा राहिला. कोळसा काढण्याखेरीज दुसरे काही करायला कोणी सांगितले तर तिकडे लक्ष देऊ नका, अशा आशयाचे त्याने २००५ मध्ये काढलेले पत्रक गाजले. डिसेंबर २०१५ मध्ये सुरक्षा-नियम जाणूनबुजून मोडण्याच्या कटात तो दोषी ठरला. परंतु कायद्याच्या लेखी हा किरकोळ गुन्ह्यांच्या वर्गातला होता. कमाल शिक्षा एक वर्ष. तीच झाली, सोबत अडीच लाख डॉलर दंड. त्याच खाणीच्या सुरक्षा-रक्षकांच्या प्रमुखाला तपासात खोटे बोलणे व कागद नष्ट करवणे यांबद्दल तीन वर्षांचा तुरुंगवास झाला होता.

२६.
आपल्या देशाकडे वळू. २७ डिसेंबर १९७५, धनबादजवळील चासनाला. स्फोटानंतर वरच्या जुन्या, सोडून दिलेल्या भागात साठलेले पाणी खाणीत कोसळले. सुमारे ३७५ कामगार गेले. ‘काला पत्थर’ हा १९७९ चा चित्रपट या घटनेच्या छायेत घडला, हे अनेकांना माहीत असेल. ही खाण इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीची होती आणि त्या वेळी व्यवस्थापन सरकारच्या हाती होते. खटल्याचा निकाल लागला २०१२ मध्ये. दोन अधिकाऱ्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. मधे छत्तीस वर्षे गेली होती. मालक खाजगी असो वा सरकार, दोष उतरण्याची वाट सारखीच राहिली.

२७.
आपल्या १९५२ च्या खाण अधिनियमात पुढे घातलेले एक कलम २०२५ पर्यंत सांगत असे, की नियमभंगामुळे जीवितहानी झाल्यास कमाल दोन वर्षे कारावास किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. सेंघेनिधचे २४ पौंड आठवतात ना? शिक्षेची रक्कम कायद्यात एकदा लिहिली, की चलनाचे मूल्य घसरत जाते आणि आकडा तेथेच राहतो. शिक्षा काही काळाने शिक्षा राहत नाही, परवान्याचे शुल्क होते.

२८.
या इतिहासात एक वेगळे पानही आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणींवर गेले आणि स्वतः खाली उतरून त्यांनी पाहणी केली. पाठोपाठ १९४४ च्या आरंभी कोळसा खाण कामगारांच्या कल्याण-निधीचा वटहुकूम निघाला. या निधीचा पैसा देणगीचा नव्हता. कोळशावरील कराचा होता. सेंघेनिधच्या निधीशी त्याची तुलना करून पाहा. एकात दाता मर्जीने देतो, दुसऱ्यात धंदा कायद्याने देणे लागतो.

२९.
चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांत राहणाऱ्यांना हा विषय दूरचा वाटणार नाही. तेथे कोळसा हा घराघरातला विषय आहे. बाकीच्यांसाठी एवढेच : दुर्घटनेची बातमी वाचताना ‘ठिणगी कुठे पडली?’ हा प्रश्न आपण लगेच विचारतो. त्याच्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. धोका आधी कोणाला ठाऊक होता? तो दूर करण्याचा खर्च कोणी नाकारला? आणि शिक्षा झाली, ती त्यालाच झाली का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञ देतात. उरलेल्या तिहींची उत्तरे जुन्या कागदांत शोधावी लागतात, आणि ते आपल्यासारख्यांचे काम आहे.

३०.
युनिव्हर्सल खाण १९२८ मध्ये बंद झाली. १४ ऑक्टोबर २०१३ रोजी, शंभर वर्षे झाली त्या दिवशी, सेंघेनिधमध्ये वेल्सचे राष्ट्रीय खाण-स्मारक उभे राहिले. तेथे मृतांची नावे आहेत, त्यांत चौदा वर्षांच्या त्या मुलांचीही. १९१४ च्या निकालात त्यांच्यापैकी एकाच्याही मृत्यूबद्दल कोणी दोषी ठरला नव्हता.

थ्रेड समाप्त. आपल्या परिसरातील खाणी, गिरण्या, कारखाने यांच्या अशा विसरलेल्या दुर्घटना कोणाच्या घरच्या आठवणीत असतील, तर त्या जरूर लिहून ठेवा. सरकारी अहवालात आकडे मिळतात. माणसे बहुधा घरच्या आठवणीतच सापडतात.